पुढील खर्चाची तजवीज : जमाखर्चात राखीव रक्कम कशी मांडावी ?

सोयाबीनची विक्री झाली म्हणजे दिवाळीच्या सुमारास शेतकऱ्याच्या बँक खात्यात वर्षातील सर्वांत मोठी रक्कम जमा होते. पासबुकातील शिल्लक पाहून हात सैल सुटतो आणि मृगाच्या तोंडावर बी-खतासाठी उधारी करावी लागते. येथे पैसा कमी पडलेला नसतो. त्यातील कोणती रक्कम कोणत्या कामाची, हे अगोदर ठरलेले नसते. ह्यावर उपाय म्हणजे राखीव रकमांचा हिशेब होय.

खर्चाची यादी

प्रथम पुढील विक्रीपर्यंत येणाऱ्या ठळक खर्चांची यादी करावी. समजा, खात्यात २,००,००० रुपये आहेत. मार्चअखेर पीककर्जाची फेड ८०,००० रुपये, जूनमधील बी-खत ४५,००० रुपये व मुलांच्या शाळेचा खर्च १५,००० रुपये आहे. विहिरीवरील पंप ५ वर्षांनी बदलावा लागेल व त्यास ३०,००० रुपये लागतील, असे धरल्यास दरवर्षी ६,००० रुपये बाजूला काढले पाहिजेत. ही बेरीज १,४६,००० रुपये होते. म्हणजे मोकळी शिल्लक केवळ ५४,००० रुपये होय. घरखर्च व सणवार ह्यांतच भागविले पाहिजेत.

पोटखाती

ग्नूकॅश ह्या विनामूल्य मिळणाऱ्या संगणकीय हिशेब-प्रणालीत बँक खात्याच्या पोटात आणखी खाती उघडता येतात. ‘कर्जफेड राखीव’, ‘बी-खत राखीव’, ‘शाळा राखीव’ व ‘पंप राखीव’ अशी चार पोटखाती उघडून मुख्य खात्यातील रक्कम त्यांत वर्ग करावी. बँकेतील पैसा जागचा हलत नाही. फक्त वहीत त्याची वाटणी होते. संगणक नसल्यास साध्या वहीत प्रत्येक राखीव रकमेस एकेक पान दिले तरी काम भागते.

नेहमी होणारी चूक

राखीव रक्कम बाजूला काढताच ती खर्चात लिहू नये. तसे केल्यास प्रत्यक्ष खरेदीच्या वेळी तोच खर्च पुन्हा लिहिला जातो व वर्षाचा खर्च दुप्पट दिसतो. जूनमध्ये ४२,००० रुपयांचे बी-खत घेतले, तर त्या दिवशी ‘बी-खत राखीव’मधून ४२,००० रुपये कमी करून ते ‘बी-खत खर्च’ खात्यात मांडावेत. उरलेले ३,००० रुपये मोकळ्या शिल्लकेत परत घ्यावेत. खर्च ४८,००० रुपये झाल्यास कमी पडणारे ३,००० रुपये मोकळ्या शिल्लकेतूनच काढावेत. कर्जफेडीच्या रकमेस हात लावू नये. कर्जाचे मुद्दल फेडणे हा खर्च नव्हे. त्याने कर्ज कमी होते. खर्चात फक्त व्याज धरावे.

कर्जफेडीची रक्कम न मोडण्याचे कारण स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या व्याजसवलत योजनेखाली ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जास ७ टक्के व्याज असून मुदतीत फेडणाऱ्यास ३ टक्के सूट मिळते. मुदत चुकल्यास ८०,००० रुपयांवर वर्षाची २,४०० रुपयांची सूट गमवावी लागते.

महिन्याचा ताळा

महिनाअखेर मुख्य खाते व सर्व पोटखाती ह्यांची बेरीज पासबुकातील शिल्लकेशी पडताळून पाहावी. बेरीज जुळली नाही, तर एखादी नोंद राहिली किंवा दोनदा झाली असे समजावे. मुख्य खात्यात मोकळी रक्कम उरली नसेल, तर पासबुकात कितीही पैसा दिसो, नवा खर्च करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विक्रीच्या हंगामातच आपल्या गावातील पाच-सहा कुटुंबांबरोबर बसून अशी यादी करून द्यावी. घरातील बायामाणसांना त्या वेळी अवश्य बोलवावे. शाळेचा व घरचा खर्च त्यांनाच नेमका ठाऊक असतो. यादी दिवाळीत झाली, तर मृगाची पेरणी उधारीवाचून होण्याचा मार्ग मोकळा होतो.