आवाजावरून दोष ओळखणे

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर हे एकेकाळी तलावाकाठचे खेडे होते. आज ते बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगतच्या उंच इमारतींमुळे ओळखले जाते. समजा, कोल्हापूरहून पंधरा-वीस वर्षे जुना एक मालट्रक बेळगाव, हुबळी, तुमकूर या मार्गाने येथे आला आहे. माल उतरवून झाला, परतीची वाट धरायची आहे, आणि केबिनमधील ब्लोअर सुरू करताच घरघर ऐकू येते. अशा वेळी चालकाने काय करावे?

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची करणारी अधिसूचना केंद्र शासनाने डिसेंबर 2023 मध्ये काढली. जुन्या गाड्यांना ती लागू नाही. त्यांत जो ब्लोअर असेल, त्यावरच भागवावे लागते. ‘नुसता आवाजच तर आहे’ असे म्हणून पुष्कळ चालक निघतात. परंतु पावसाळी रात्री समोरच्या काचेवर आतून साचणारे दव याच वाऱ्याने जाते. ब्लोअर घाटात बंद पडला, तर एका हाताने काच पुसत गाडी हाकावी लागते. शिवाय अडखळणारी मोटर अधिक वीज ओढते. तारा तापतात, क्वचित जोडणीचे प्लास्टिकही वितळते.

डॅशबोर्डच्या आत, बहुधा क्लिनरच्या बाजूला, एक लहान विजेची मोटर असते. तिच्या दांड्यावर अनेक पातळ पात्यांचा, पिंजऱ्यासारखा गोल पंखा बसवलेला असतो. त्याचा वारा गरम पाण्याच्या जाळीतून गेला की ऊब मिळते, थंड नळ्यांवरून गेला की गारवा. पंखा मात्र एकच. म्हणून हीटर आणि एसी या दोन्हींच्या वेळी सारखाच आवाज येत असेल, तर दोष पंख्यात किंवा मोटरीत शोधावा.

आवाज कसा आहे, यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहावे. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवावी आणि ब्लोअर एकेका टप्प्यावर चालवावा. इंजिन बंद असतानाही आवाज आला, तर पट्टा, कॉम्प्रेसर इत्यादी इंजिनकडील भाग सुटले. उलट, इंजिन चालू असताना एसीचे बटण दाबल्यावरच आवाज येत असेल, तर ब्लोअर उघडण्याचे कारण नाही. पट्टा व कॉम्प्रेसरची पुली तपासावी. बटण दाबताच एकदा ‘टक’ असे वाजणे हा दोष नव्हे.

आता आवाजाचे स्वरूप. मराठीतील अनुकरणवाचक शब्द येथे मिस्तरीच्या हत्यारांइतकेच उपयोगी पडतात. पंख्याच्या वेगाबरोबर वाढणारी ‘खडखड’ किंवा ‘फडफड’ असेल, तर आत पान वा कागद शिरला असावा. बेंगळुरूत गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष पुष्कळ. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेखालील जाळीतून वाळलेली पाने सहज आत जातात. ‘घरघर’ आणि तिच्याबरोबर डॅशबोर्डची थरथर असेल, तर पात्यांवर एका बाजूला धुळीचा थर बसून तोल गेलेला असतो, किंवा पाते तुटलेले असते. सकाळी गार गाडीत ‘चीं चीं’ होते आणि थोड्या वेळाने थांबते, ते झिजलेल्या बुशचे लक्षण होय. तापमानाची कळ फिरवतानाच ‘टकटक’ होत असेल, तर वाऱ्याची दिशा बदलणारी झडप अडकली आहे. पाणी खळाळल्यासारखा आवाज आला, तर इंजिन गार झाल्यावर कूलंटची पातळी पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

ब्लोअर काढण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडवावी. पंखा हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा फिरत असेल आणि केवळ मळला असेल, तर मऊ ब्रशने साफ केला की बहुधा काम भागते. दांडा बाजूला हलत असेल, तर बुश झिजला आहे. तेल सोडल्याने आवाज काही दिवस दबतो, पण झीज भरून येत नाही. अशा वेळी मोटर बदलणेच योग्य. लांबचा पल्ला समोर असेल, तर निघण्यापूर्वीच.

पाठगत प्रश्न : एका ट्रकमध्ये इंजिन बंद असताना ब्लोअर पहिल्या टप्प्यावर शांत चालतो, तिसऱ्या टप्प्यावर घरघरतो व डॅशबोर्ड थरथरतो. दोष कोठे असावा? मिस्तरीला तो कळावा, अशा चार वाक्यांत लिहा.