भाड्याचं घर की हक्काचं घर?
(गटाच्या बैठकीत वाचण्यासाठी अभ्यासपाठ)



दहावीचा निकाल लागला की आपल्या गटांमध्ये एक मागणी हमखास येते. "पोरगी लातूरला अकरावीला जाणार. तिच्यासोबत मलाही राहावं लागणार. दर महिन्याला भाडं भरून पैसे पाण्यात घालण्यापेक्षा तिथंच एखादा प्लॉट नाहीतर घर घेऊन टाकावं म्हणते. गटातून कर्ज मिळेल का?"

मागणी करणाऱ्या ताईचं काही चुकत नाही. डोक्यावर हक्काचं छप्पर असावं असं कुणाला वाटत नाही? पण हा निर्णय घाईत झाला तर दहा-दहा वर्षांची बचत एका सहीत जाते. माझी जाता जाता वाचली. म्हणून आजचा पाठ माझ्याच गोष्टीपासून सुरू करते.

माझी गोष्ट

लेकीच्या अकरावीसाठी मी लातूरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मालक गावी शेती बघायचे, मी तिथं स्वयंपाकपाणी आणि लेकीच्या क्लासच्या वेळा सांभाळायची. पहिले तीन-चार महिने मी दार लावूनच राहिले. मनात एकच, आपण भाडेकरू, दोन वर्षांनी जाणार, कशाला कुणाशी ओळख वाढवायची?

त्याच दिवसांत एका एजंटनं मालकांना गाठलं. शहराच्या बाहेर एक गुंठा, तीन लाखाला. "आज विसार द्या, पुढच्या महिन्यात भाव वाढतोय. कागद नोटरी करून देतो, सगळे असंच घेतात." आम्ही २१ हजार विसार देऊन बसलो. उरलेल्या पैशासाठी माझे दोन तोळे मोडायचे आणि गटातून एक लाख उचलायचे असं ठरलं.

मी बैठकीला गावी आले आणि अर्ज दिला. आमच्या गटाच्या लेखनिक ताईनं वही मिटली आणि एवढंच विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर आहे?" मला सांगता येईना. मी सातबारा बघितलाच नव्हता. गटानं ठरवलं, आधी सातबारा आणा, मग अर्जावर बोलू.

सातबारा काढला तर जमीन शेतीचीच, आणि नावं आठ. विकणारा त्यातला एकच भाऊ. बाकी सात जणांची सही कुठंच नाही. मी खोलीवर येऊन रडत बसले. तेव्हा समोरच्या घरातल्या मावशी पहिल्यांदा आत आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं, त्या जागेचा वाद इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माझ्या भावजयीचे पैसे तिथंच अडकलेत. आधी विचारायचंस ना!"

चार महिने मी त्यांच्या दारासमोर राहत होते. एकदा जरी त्यांच्या ओट्यावर बसले असते, तर २१ हजार वाचले असते. एजंटाकडे किती हेलपाटे घातले, तेव्हा १० हजार परत आले. बाकीचे गेले ते गेलेच.

यातून मी दोन गोष्टी शिकले. जागा घेण्याआधी कागद बघायचा, आणि कागदाच्याही आधी गल्ली ओळखायची. आता दोन्हींकडे नीट बघू या.

आधी हिशेब मांडू

खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे, तुमच्या बँकेचे आकडे घालून करा.

समजा दोन खोल्यांचं भाडं महिना ५,००० रुपये आहे. दोन वर्षांत १ लाख २० हजार गेले. अनामत १० हजार दिली असेल तर ती सोडताना परत मिळते.

आता तसंच घर १५ लाखाला विकत घेतलं असं धरा. पाच लाख घरचे, दहा लाख बँकेचं कर्ज, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो साधारण ९,००० रुपये. दोन वर्षांत हप्त्यापोटी २ लाख १६ हजार भरले. त्यात मुद्दल किती फिटलं असेल? जेमतेम ३९ हजार! बाकी पावणेदोन लाखाच्या वर सगळं व्याज. कारण कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजात जातो. शिवाय खरेदीच्या दिवशीच मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क मिळून लाखाच्या आसपास खर्च होतो, तो वेगळाच.

म्हणजे दोन-तीन वर्षांसाठीच राहायचं असेल तर "भाडं पाण्यात जातं" हे खरं नाही. व्याज भाड्यापेक्षा जास्त जातं.

पण हाच हिशेब २० वर्षांचा केला तर चित्र बदलतं. भाडं दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढलं तर विसाव्या वर्षी ते साडेबारा हजारांच्या वर जातं. वीस वर्षांत एकूण भाडं जवळपास २० लाख होतं आणि हातात काही राहत नाही. खरेदीत सगळं मिळून साडेसत्तावीस लाख जातात, वर घरपट्टी आणि डागडुजी. पण हप्ता वीस वर्षं साधारण तेवढाच राहतो आणि शेवटी घर आपलं असतं.

म्हणून पहिला प्रश्न पैशाचा नाही. पहिला प्रश्न असा: आपण तिथं किती वर्षं राहणार आहोत? लेकरू बारावी झाल्यावर पुण्याला, संभाजीनगरला जाणार असेल आणि आपण गावी परतणार असू, तर लातूरचं घर कुणासाठी?

गटाच्या कर्जाबद्दल एक सांगते. गटाचा दर महिना २ टक्के असेल तर तो वर्षाला २४ टक्के होतो. एक लाखाला सुरुवातीला महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. शेळ्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी हे कर्ज फेडायला हातभार लावतात. प्लॉट पडून राहतो, तो काही कमावत नाही. घर घ्यायचंच तर लांब मुदतीचं, कमी दराचं गृहकर्ज बघा. गटाचं कर्ज पत्रे, दार, मोरी अशा छोट्या कामाला ठीक आहे.

भाड्यानं राहताना

भाडं म्हणजे उपकार नाहीत. तो व्यवहार आहे आणि त्याला कायदा आहे.

- महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार बहुतेक ११ महिन्यांचा करतात.
- अनामत किती दिली, ती कधी आणि काय कापून परत मिळणार, हे करारात लिहून घ्या.
- भाड्याची पावती मागा. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. ऑनलाईन पाठवलं तर त्याचीही नोंद राहते.
- लाईटचं वेगळं मीटर आहे का, नळाला पाणी किती दिवसाला येतं, बोअर उन्हाळ्यात चालते का, हे आधीच विचारा. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही.
- भांडण झालं म्हणून मालकाला पाणी किंवा लाईट तोडता येत नाही.
- रेशन कार्ड आधारला जोडलेलं असेल तर शहरातल्या दुकानातही धान्य घेता येतं. त्यासाठी गावचं नाव काढायची गरज नाही.

विकत घेताना

- नोटरी म्हणजे खरेदी नव्हे. जागेचं किंवा घराचं खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलं तरच मालकी मिळते.
- नमुना नंबर ८ म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. तो ग्रामपंचायतीच्या घरपट्टीचा उतारा आहे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका बघा. उताऱ्यावर जेवढी नावं, तेवढ्यांची संमती हवी. बहिणींची नावं असतील तर त्यांचीही.
- शेतीतला गुंठा-दोन गुंठे घेत असाल तर जागा बिनशेती आहे का, तुकड्याची खरेदी नोंदवता येते का, हे आधी तलाठ्याकडे आणि निबंधक कार्यालयात विचारा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. मोजणी करूनच घ्या.
- ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त घरं असलेल्या नव्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागते. नंबर मागा.
- साधी परीक्षा: "या जागेवर बँक कर्ज देईल का?" बँकेच्या वकिलानं कागद नाकारला तर आपणही हात आखडता घ्यावा.
- विसार देण्याआधी कागद बघा. आमच्यासारखं उलटं करू नका.

आणि नाव कुणाचं? राहतं घर किंवा फ्लॅट फक्त महिलेच्या नावानं घेतला तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. १५ लाखाच्या घराला १५ हजार वाचतात. ही सवलत मोकळ्या प्लॉटला नाही. पण पैसे वाचतात यापेक्षाही मोठी गोष्ट अशी, की तुमच्या सहीशिवाय ते घर कुणाला विकता येत नाही. दागिने तुमचे मोडणार, हप्ता तुमच्या शिलाईतून जाणार, मग कागदावर नाव का नको? गावातल्या घराच्या नमुना ८ वर पती-पत्नी दोघांची नावं लावण्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करा. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुलही महिलेच्या किंवा दोघांच्या नावानं मंजूर करण्याचं धोरण आहे. मंजुरीच्या कागदावर तुमचं नाव आहे का, ते स्वतः वाचा.

हिशेबात न मांडता येणारी गोष्ट

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, सरळ ओळी, सुटी सुटी घरं. माझ्या आत्याला तिथं घर मिळालं. जुन्या घरापेक्षा भक्कम, कागद नावावर. ती अजून म्हणते, "घर चांगलं दिलं गं, पण ओट्यावरून हाक मारली तर ऐकायला कुणी राहिलं नाही." जुन्या गल्लीत भिंतीला भिंत होती. भाजीची वाटी, तान्हं लेकरू, दुखलंखुपलं सगळं त्या भिंतीवरून जायचं. नव्या वस्तीत बायांना ते पहिल्यापासून जुळवावं लागलं.

घराच्या किमतीत शेजार येत नाही. घर विकत घेतलं तरी तो जोडावा लागतो, आणि भाड्यानं राहिलं तरी जोडता येतो.

त्या दिवसानंतर मी दार उघडं ठेवायला लागले. नळ पहाटे आला की समोरच्या मावशी मला उठवायच्या, त्या नसल्या तर मी त्यांच्या घागरी भरायची. संक्रांतीला गल्लीतल्या हळदीकुंकवाला गेले. भाडेकरू म्हणून कुणी वेगळं बसवलं नाही. गल्लीत माझ्यासारख्याच लेकरांसाठी आलेल्या पाच जणी होत्या, औसा, निलंगा, अहमदपूर तालुक्यांतल्या. आम्ही मंगळवारी भजनाला बसायला लागलो. लेकीला ताप आला त्या रात्री रिक्षा बघायला त्यातलीच एक धावली.

इकडे गावचा गटही सोडला नाही. महिन्याला एक बैठक ठरवून एसटीनं यायची, बचत भरायची, मुक्काम करून जायची. शहरात गेलो म्हणून गट सोडायची घाई करू नका. माझे सोनं आणि पैसे गटाच्या एका प्रश्नानं वाचले.

लेकीची बारावी झाली तशी खोली सोडली. राहिलेल्या पैशात गावच्या घराची गळकी बाजू दुरुस्त केली आणि नमुना ८ वर माझं नाव लावून घेतलं. खोली सोडताना मावशींनी ओटी भरली. आजही लातूरला गेले की पहिला चहा त्यांच्याच ओट्यावर.

तुम्ही भाड्यानं राहा नाहीतर विकत घ्या, दोन्हींत कमीपणा नाही. जिथं दहा-पंधरा वर्षं राहायचं नक्की आहे, कागद स्वच्छ आहे आणि हप्ता पोटाला चिमटा न घेता भरता येतो, तिथं जरूर घ्या. तोवर भाड्यानं राहा, पण पाहुण्यासारखं नको, गल्लीतलं होऊन राहा. पुढं तिथंच घर घ्यायचं झालं तर ती गल्लीच तुम्हाला खरं-खोटं सांगेल.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात किती जणींचं नाव घराच्या उताऱ्यावर आहे? प्रत्येकीनं पुढच्या बैठकीला उतारा घेऊन यायचा.
२. घर किंवा जागेसाठी कर्ज मागितलं तर आपला गट कोणते कागद आधी बघेल? यादी करून ठरावाच्या वहीत लिहा.
३. महिन्याचं उत्पन्न, खर्च आणि जमेल तेवढा हप्ता प्रत्येकीनं वहीत मांडायचा. लिहिता येत नसेल तर शेजारणीनं मदत करायची.
४. आपल्या गावात भाड्यानं राहायला आलेल्या बाया आहेत का? शिक्षिका असेल, ऊसतोडीहून आलेली असेल, वीटभट्टीवरची असेल. त्यातल्या किती जणींना आपण हळदीकुंकवाला बोलावलं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहायची गरज नाही. बैठक संपली की त्यांच्या दारात जाऊन या.