लिंबावरचे फुलपाखरू

जुलैमध्ये शाळेतील लिंबाच्या रोपावर अळ्या झाल्या. औषध फवारावे, असे आम्हीच माळीकाकांना सांगितले होते. पाचवीच्या मुलांनी ते होऊ दिले नाही. या फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्ष्यांपासून वाचते. मोठी झाली की हिरवी होते. पुढे कोश, मग काळे-पिवळे फुलपाखरू. तेच मुलांनी चित्रकलेच्या तासाला काढले.

बहुतेकांनी पाय पोटाला जोडले! कीटकाच्या शरीराचे भाग तीन : डोके, छाती, पोट. सहा पाय आणि चारही पंख छातीलाच असतात. पेन्सिलीने हलक्या हाताने आधी एवढेच काढावे.

नंतर जलरंग. पूर्ण पंखावर पातळ पिवळा द्यावा, तो वाळू द्यावा, मग पिवळे ठिपके सोडून काळा भरावा. सुरतेच्या पावसाळ्यात कागद लवकर वाळत नाही. घाई केली की पिवळा मळतो. मागच्या पंखांवरचा लाल ठिपका शेवटी.

पालकांना एक विनंती. घरून पूर्ण होऊन आलेली काही चित्रे फारच सुबक होती, परंतु ते आपले फुलपाखरू नव्हते. आपल्या फुलपाखराचा एक पंख फाटलेला होता. एका मुलीने तो तसाच काढला, रंगही थोडा पसरला. फलकावर आम्ही तेच चित्र लावले आहे.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेल्या ब्ल्यू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. औषधाची बाटली सध्या आमच्या कपाटात बंद आहे.