पिक्स : आजाऱ्याच्या घरी जाणारी डबी



मुळशी धरणाच्या पाण्याकाठी आपले काम चालते त्या वाडीला लागून एक ख्रिस्ती आजी मुलाकडे राहत होत्या. अंथरुणाला खिळलेल्या. मुलगा पिरंगुटला कारखान्यात जाई. दिवसभर त्यांचे पाणी-पेज बघे ती शेजारची कातकरी बाई. रविवारी मिस्सानंतर मी आजींसाठी कम्युनियन घेऊन जात असे. एकदा त्या बाईने विचारले, “ताई, या डबीत कसलं औषध?”

मी तेव्हा हसले. पण शब्दाच्या मुळाशी ती माझ्यापेक्षा जवळ होती. या डबीला आपण पिक्स म्हणतो. ग्रीक भाषेत ‘पुक्सोस’ म्हणजे घट्ट, पिवळसर लाकडाचे एक झाड. त्या लाकडाची झाकण असलेली डबी ती ‘पुक्सिस’. बायका तिच्यात उटी-सुगंध ठेवीत आणि वैद्य औषधे. आपला करंडाच म्हणा ना! इंग्रजीतला ‘बॉक्स’ही याच घराण्यातला.

पुष्कळजण पिक्स आणि सिबोरियम यांत गल्लत करतात. सिबोरियम हे पवित्र भाकरींचे मोठे, झाकणाचे पात्र. मिस्सानंतर ते चर्चमधल्या कोशात राहते. पिक्स मात्र तळहातात मावते आणि आजाऱ्यासाठी बाहेर पडते. इ.स. १५५ च्या सुमारास संत जस्टिन लिहितात, की उपासनेला येऊ न शकलेल्यांकडे डीकन प्रसाद पोचवीत. पोप सहावे पॉल यांच्या काळात, १९७३ पासून, आम्हा प्रापंचिकांनाही नेमून ही सेवा देण्याची वाट मोकळी झाली. पिक्स लहान पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि सरळ आजाऱ्याचे घर गाठायचे. वाटेत बाजार नाही, कोणाकडे चहा नाही.

मरणाच्या दारात दिलेल्या कम्युनियनला लॅटिनमध्ये ‘व्हियाटिकुम’ म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी. डिप्लोमाच्या परीक्षेत हे उत्तर मी अगदी नीट लिहिले होते. जुलैतल्या एका रविवारी मात्र पाऊस फार म्हणून मी गेले नाही. पुढच्या रविवारी जाऊ, म्हटले. गुरुवारी आजी गेल्या.

माती झाल्यावर शेजारची बाई माझ्याजवळ आली. म्हणाली, “ताई, त्या दिशी डबी नाय आणली? आजी सारखी दाराकडं बघत व्हती.”