स्तंभावरील नावे

१ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे ईस्ट इंडिया कंपनी व पेशवे यांच्या सैन्यात लढाई झाली. कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे तेथील विजयस्तंभावर कोरलेली आहेत. त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली २२ नावे महार शिपायांची होत. सोबत इतर जातिधर्मांचे शिपाईही आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे भेट दिली. आज दरवर्षी त्या तारखेला लाखो लोक मानवंदनेस जमतात.

विद्यार्थी मित्रांनो, गावात ज्यांना जातीवरून हाक मारली जाई, त्यांची नावे येथे दगडात आहेत. म्हणून आम्हांस वाटते, अभिवादन करून लगेच परतू नये. मुलांना जवळ घेऊन एकेक नाव वाचून दाखवावे.