देशांचं प्रगतिपुस्तक कसं वाचायचं?

२०१५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९३ सदस्य देशांनी २०३० पर्यंत गाठायची १७ शाश्वत विकास ध्येयं ठरवली. त्यावर आधारित निर्देशांकात देशांना १०० पैकी गुण मिळतात. २०२५ मध्ये फिनलंड पहिला, तर भारत ९९वा. भारत पहिल्या शंभरात प्रथमच आला, याचा आनंद आहेच. पण वर्गात तेवढंच सांगून थांबू नका. हे गुण सरासरीचे असतात. एका ध्येयातली पिछाडी दुसऱ्यातल्या आघाडीमागे झाकली जाते. शिवाय श्रीमंत देश वस्तू बाहेरून मागवतात, त्या बनवतानाचं प्रदूषण मात्र दुसऱ्याच्या अंगणात राहतं. म्हणून "कितवा नंबर?" याआधी "काय मोजलं? काय राहिलं?" हे मुलांना विचारू द्या. आणि घरी त्यांचं प्रगतिपुस्तक हातात घेताना आपणही तेच विचारूया.