जे.जे.ला निघालेल्या भाचीला

पोरी, दादाचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, फोन आला. तुला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये बी.एफ.ए.ला प्रवेश मिळाला, हे सांगताना त्याचा आवाज भरून आला होता. पण लगेच पुढचं वाक्य आलं, "अगं, हे शिकून पोरगी पुढे करणार काय?" त्याच्या त्या प्रश्नाकडे मी येणार आहे. पण आधी तुझ्या पहिल्या सोमवारचं बघू.

मी सावंतवाडीहून मुंबईला निघाले तेव्हा जे.जे.त जी.डी. आर्ट ही पदविका होती. आता चार वर्षांची पदवी आहे, आणि २०२३ पासून संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी मला बोलावलं, चहा दिला आणि एकच गोष्ट सांगितली, "जे घरी बसून करता येतं ते तिथे करत बसू नकोस." तेव्हा मला ते नीट कळलं नाही. पुढे तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, तेव्हा कळलं. म्हणून तुला ते उलगडून सांगते.

तुझ्या खोलीत बसून फोटोवरून चित्र काढता येतं. मोबाइलवर बघून रंगवायला शिकता येतं. पण जिवंत माणूस तासन्‌तास समोर स्थिर बसलाय, खिडकीतून एकाच बाजूचा उजेड त्याच्या अंगावर पडलाय आणि वीस जण वीस कोनांतून त्याला बघताहेत, हे कॉलेज सुटल्यावर तुला पुन्हा मिळणार नाही. मिळालं तरी मॉडेलचे पैसे, जागेचं भाडं, सगळं तुझ्या खिशातून जाईल. तीच गोष्ट लिथोच्या दगडाची, एचिंगच्या प्रेसची, भट्टीची आणि ग्रंथालयातल्या जाडजूड पुस्तकांची. तेव्हा लाइफचा आणि पोर्ट्रेटचा एकही तास बुडवू नकोस. सबमिशनचं काम उरलंय म्हणून लाइफ चुकवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. सबमिशन रात्री जागून होतं. मॉडेल रात्री बसत नाही.

आता लाइफच्या वर्गात काय करायचं ते सांगते. शक्य असेल तर पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी जा आणि डाँकी, म्हणजे चित्र काढायला बसायचा बाक, लावायच्या आधी मॉडेलभोवती एक फेरी मार. सगळ्या बाजूंनी बघ, मग जागा धर. सोपी बाजू निवडू नकोस, पण जिथून काहीच दिसत नाही अशा कोपऱ्यातही बसू नकोस. कागदावर डोळ्यापासून सुरुवात करायची सवय इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेपासून आपल्या हाताला लागलेली असते, ती सोड. डोकं कुठे येणार, पाय कुठे टेकणार, हे आधी फिक्या रेघांनी ठरव. नाहीतर चेहरा झकास होतो आणि पाय कागदाबाहेर जातात.

आणि ओळंबा ठेव. गवंड्याचा असतो तसला, पण छोटा: जाड दोरा आणि त्याला नट बांधलेला. हात लांब करून तो मॉडेलसमोर धरायचा. एका पायावर भार देऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या गळ्याचा खळगा त्या भार पेलणाऱ्या पायाच्या वर येतो. तुझ्या चित्रात तो तसा येत नसेल तर माणूस पडायला आलेला दिसेल, मग शेडिंग कितीही सुंदर असो. दुसरं म्हणजे डोळे अर्धे मिटून बघ. बारकावे विरतात, उजेड आणि अंधाराचे मोठे तुकडे उरतात. आधी ते तुकडे मांड. तिसरं, खिशात छोटा आरसा असू दे. चित्राकडे पाठ करून आरशात बघितलंस की वाकडेपणा लगेच खुपतो, कारण उलटलेलं चित्र डोळ्याला अनोळखी असतं.

मॉडेल म्हणून येणारी माणसं बहुतेक कष्टाची असतात. आल्यावर नमस्कार कर, विश्रांतीत पाणी विचार, बसून बसून पाय आखडला असेल तर वेळ दे. त्यांचा फोटो काढू नकोस. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. ज्या माणसाला आपण माणूस म्हणून बघत नाही, त्याचं चित्र मला तरी कधी जमलेलं नाही.

सामानाचं बोलू. पहिल्या आठवड्यात दुकानात जाऊन रंगांची मोठी पेटी घेण्याचा मोह होईल. घेऊ नकोस. जलरंगाला अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक लाल आणि एक पिवळा पुरेत. तैलरंगाला यांतच पांढरा मिळव. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जे करडे आणि काळपट रंग मिळतात, ते ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत असतात. पण हे थोडे रंग 'आर्टिस्ट' दर्जाचे घे. वर्गातल्या सरावाला 'स्टुडंट' दर्जाचे चालतील. ट्यूबवर रंग उजेडात किती टिकतो त्याची खूण असते, ती वाचायला शीक. अलिझरिन क्रिमसन दिसायला देखणा आहे, पण उडतो. कागद मात्र चांगला घे. तीनशे जीएसएमचा कागद ओला करून बोर्डावर गमटेपने चारी बाजूंनी चिकटव आणि आडवा वाळू दे. वाळला की ढोलासारखा ताणतो आणि वॉश मारताना फुगत नाही.

जलरंगात पांढरा म्हणजे कागद. तो आधी राखून ठेवावा लागतो, नंतर परत आणता येत नाही. हे शिकायला आपल्याच गावच्या माणसाकडे जायला हवं. सावळाराम हळदणकर १८८२ साली सावंतवाडीत जन्मले आणि जे.जे.त शिकले. त्यांचं हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र तू कॅलेंडरवर शंभरदा पाहिलं असशील. मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगात आहे. बोटांमधून झिरपणारा तो उजेड जलरंगात साधणं म्हणजे काय, हे तुला दुसऱ्या वर्षी स्वतः करून बघशील तेव्हा उमगेल. कितीतरी लोक ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात, याचं मला आजही वाईट वाटतं. तू मात्र प्रत्येक कामाच्या मागे नाव, तारीख, माप आणि माध्यम लिहीत जा, अगदी टाकाऊ वाटणाऱ्या कामामागेसुद्धा. आणि दिवसाच्या उजेडात त्याचा एक सरळ फोटो काढून ठेव.

तैलरंगाबद्दल दोन गोष्टी. खालच्या थरात तेल कमी, टर्पेंटाइन जास्त. वर चढत जाशील तसं तेल वाढव. उलटं केलंस तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि काही वर्षांनी चित्राला भेगा पडतात. दुसरी गोष्ट कळकळीने सांगते. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. फडक्यांचा ढीग असेल तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता ढीग पेट घेऊ शकतो. फडकी एकेक पसरून उघड्यावर वाळव, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लाव. होस्टेलवर हे पाळायलाच हवं. आणि ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची सवय लावून घेऊ नकोस. कॅडमियम आणि शिसं पोटात जायच्या वस्तू नाहीत. शिल्पाच्या वर्गात प्लास्टर कालवताना पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. एचिंगलाही तसंच, पाण्यात आम्ल.

पावसाळा मुंबईत चित्रांचा वैरी आहे. माझ्या पहिल्या वर्षाची सगळी लॅन्डस्केप्स मी खाटेखाली, भिंतीला लागून ठेवली होती. गणपतीनंतर काढली तर प्रत्येक आकाशावर बुरशीचे ठिपके. त्यांतलं एक आंबोलीच्या घाटाचं होतं, मास्तरांना दाखवायचं म्हणून जपलेलं. कामं जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर ठेव आणि ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत एकदा सगळी उघडून वारा दे. चारकोलवर फिक्सेटिव्ह मारल्याशिवाय लोकलमध्ये चढू नकोस.

लोकलने सीएसएमटीला उतरशील तेव्हा रोज पाच मिनिटं आधीची गाडी पकड. स्टेशनच्या दगडात कोरलेली पानं, प्राणी, पक्षी वर मान करून बघ. त्या कोरीवकामात जे.जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. पुढे क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं बघ. ती जॉन लॉकवुड किपलिंग यांची, जे इथे शिकवत होते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या शाळेत तू जाते आहेस. ग्रिफिथ्स नावाच्या शिक्षकाने १८७२ पासून विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन भित्तिचित्रांच्या प्रती करून घेतल्या. वर्षानुवर्षं चाललेलं ते काम लंडनला पाठवलं गेलं आणि १८८५ च्या आगीत त्यातलं बरंच जळलं. पण लेण्यात उभं राहून त्या रेघेमागे हात फिरवताना त्या मुलांना जे मिळालं ते जळालं नसणार, असं मला नेहमी वाटतं. म्हणून तूही प्रती कर. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांसमोर वही घेऊन बस. जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट लागत नाही. दर आठवड्याला जा, आवडलेल्या एकाच चित्रासमोर अर्धा तास थांब. एखाद्या रविवारी गेटवेवरून मांडव्याची बोट पकडून सासवण्याला करमरकरांचं शिल्पसंग्रहालय बघून ये. त्यांनी घडवलेली म्हैस पाहिलीस की गावातल्या म्हशीकडे तू वेगळ्या नजरेने बघशील.

वर्गात काही जण पहिल्याच वर्षी म्हणतील, ड्रॉइंग जुनं झालं, आता संकल्पना महत्त्वाची. त्यांच्याशी भांडू नकोस. ते जे वाचतात ते तूही वाच. चित्रकार बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' वाच, मराठीतच आहे. पण गायतोंडे, रझा, तय्यब मेहता हे सगळे याच वर्गांतून गेलेत, हे ध्यानात ठेव. माझं मत ठाम आहे: हात तयार नसेल तर संकल्पना कागदावर उतरत नाही, नुसती सांगत बसावी लागते.

सरांनी चित्राबद्दल जे सांगितलं ते त्याच दिवशी त्यांच्याच शब्दांत वहीत लिही. रडू आलं तरी लिही. तुझ्या चित्रावरच दुरुस्ती करू लागले तर नम्रपणे म्हण, "सर, कडेला काढून दाखवाल?" म्हणजे तुझी चूक आणि त्यांची रेघ दोन्ही शेजारी शेजारी राहतात. दोन सरांनी उलटसुलट सांगितलं तर घाबरू नकोस, दोन्ही करून बघ. आणि वर्गमैत्रिणींची कामं निरखून बघ. मी निम्मं त्यांच्याकडूनच शिकले.

आता दादाचा प्रश्न. त्याला मी सांगितलं ते तुलाही सांगते. चित्रं विकून लगेच घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण चार वर्षांत चित्राला लागून असलेली एक कामाची गोष्ट पक्की कर: पोर्ट्रेट, पुस्तकांची चित्रं, मुद्राचित्रण, जुन्या चित्रांची निगा किंवा शिकवणं. मी शिकवणं निवडलं आणि त्याचा मला कधीही पश्चात्ताप झाला नाही. पोर्ट्रेटचं काम घेशील तेव्हा बयाणा घेतल्याशिवाय कॅनव्हास ताणू नकोस, मग नातेवाईक असले तरी. ओळखीतलं म्हणून मी एका मोठ्या घरचं काम आगाऊ काही न घेता केलं. महिनाभर खपले आणि शेवटी रंगांचेही पैसे मिळाले नाहीत. खर्चाची वही वेगळी ठेव. रंग, कागद, प्रवास, सगळं लिही, म्हणजे पहिल्यांदा कुणी किंमत विचारेल तेव्हा तुझ्याकडे उत्तर असेल.

शेवटचं, वही. खिशात मावेल अशी, स्वस्त कागदाची. महाग वही घेतलीस तर पान बिघडायची भीती वाटेल. प्लॅटफॉर्मवर झोपलेली माणसं, टोपल्या घेऊन चढणाऱ्या कोळणी, मेसमधली आमटीची बादली, हात रिकामा असेल तेव्हा जे समोर असेल ते काढ. रोज निदान पाच पानं. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही.

मला सोडून. दिवाळीला येशील तेव्हा फ्रेम केलेलं चित्र आणू नकोस, वह्या आण. मला त्या पहिल्या पानापासून बघायच्या आहेत.